टाकीत झालेलं मतदान

आठवीच्या मुलांना एक खोटं सांगायचं मी ठरवलं, आणि ते मुलं सोडून साऱ्या गावाने खरं मानलं. हकिकत एवढीच आहे. पण ती सांगताना अजूनही माझे तळहात ओले होतात, तेव्हा जरा सावकाश सांगतो.

सुरुवात मोठ्या बाईंपासून झाली. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्या कुठलं तरी प्रशिक्षण घेऊन आल्या आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं की प्रत्येक शिक्षकाने एक डिजिटल पाठ घ्यायचा आणि त्या स्वतः मागे बसून तो बघणार. विज्ञानाच्या सरांनी ज्वालामुखी दाखवून वाहवा मिळवली. ज्वालामुखीचं काय, तो आपोआपच उडतो. मी शिकवतो समाजशास्त्र. आमच्याकडे आहे ग्रामसभा, नगरपालिका आणि आयात-निर्यात. यातलं काय उडवणार?

शिवाय मला प्रोजेक्टरची भीती वाटते. हे मी कुणाला सांगत नाही, पण वाटते. एकदा मी मुलांना कायदा कसा तयार होतो याचा व्हिडिओ लावला होता. कायद्याचा मसुदा सभागृहात आला आणि चित्र थांबलं. एक गोल गरगरत राहिला. मग मसुद्याच्या जागी गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात सुरू झाली आणि ती काही केल्या बंद होईना. त्या वर्षी परीक्षेत 'कायदा मंजूर झाल्यावर काय होते?' या प्रश्नाला एका मुलाने 'सात दिवसांत फरक जाणवतो' असं उत्तर लिहिलं. मी त्याला अर्धा गुण दिला. चूक माझीच होती.

तर मी घरी डोकं धरून बसलेलो असताना माझी लेक, जी कॉलेजात शिकते आणि बापाची अडचण बघून जिला उत्साह येतो, ती म्हणाली, "बाबा, तुम्ही कायम म्हणता ना, इंटरनेटवरचं सगळं खरं नसतं? मग सरळ एक खोटं पान बनवा. मुलांना म्हणा, यातल्या चुका शोधा. खरं-खोटं कसं तपासायचं, तोच पाठ!"

मला कल्पना एकदम पटली. पटायला नको होती, पण पटली.

विषयही हाताशी होता. शाळेच्या मागे सिमेंटची एक जुनी पाण्याची टाकी आहे. वापरात नाही, तळाला भेगा गेल्यात, आणि ती पाडून त्या जागी आठवीसाठी नवी खोली बांधायचं मंजूर झालं होतं. आठवीच्या जुन्या खोलीचा गिलावा पडल्यापासून आमचा वर्ग व्हरांड्यात भरतो, सायकलींच्या शेजारी. मी 'दुष्काळ' म्हणायला आणि सायकलची घंटी वाजायला एकच गाठ पडते. वारा आला की भूगोलाचा नकाशा निम्म्या वर्गाच्या डोक्यावर येतो. त्या खोलीची वाट मुलांपेक्षा मीच जास्त बघत होतो.

मी पान लिहायला घेतलं. गावातलं पहिलं मतदान नव्वद वर्षांपूर्वी या टाकीत झालं, असं मी ठोकून दिलं. टाकी कोरडी करून सगळ्यांना आत उतरवलं, 'होय'वाले डावीकडे, 'नाही'वाले उजवीकडे, आणि वर काठावर बसून पंच मोजत होते. लिहिताना मला इतका चेव आला की बायकोने चहाला दोनदा हाक मारली ती ऐकू आली नाही. पानात चार चुका मुद्दाम पेरल्या. एक, लेखकाचं नाव नाही. दोन, 'तज्ज्ञांच्या मते' असं लिहिलं, पण तज्ज्ञ कोण ते नाही. तीन, टाकीवर तिचं साल सिमेंटमध्ये कोरलेलं आहे आणि मतदान मी त्याच्याही आधीचं दाखवलं. चार, मतदारांची संख्या गावाच्या आजच्या वस्तीपेक्षा जास्त. एवढी माणसं त्या टाकीत मावायची तर उभी रचून ठेवावी लागली असती.

फोटो मी मोबाईलवर काढला. लेकीने तो पिवळट, डागाळलेला करून दिला. टाकी अशी काही दिसायला लागली की मला स्वतःलाच गहिवरून आलं.

"खाली लिहा, हे पान अभ्यासासाठी बनवलंय म्हणून," लेक म्हणाली.

"मुलं आधी खालचंच वाचतात," मी अनुभवाने सांगितलं. "पाठ झाला की लिहू."

माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात महाग वाक्य.

पाठाच्या दिवशी प्रोजेक्टर होता, लॅपटॉप होता, मोठ्या बाई वही घेऊन मागे बसलेल्या होत्या, आणि प्रोजेक्टर-लॅपटॉप जोडणारी वायर कपाटात होती. कपाटाची किल्ली शिपाईदादांच्या खिशात होती आणि शिपाईदादा मेहुणीच्या लग्नाला गेले होते. पाठ पुढे ढकलला. मला खरं सांगायचं तर हायसं वाटलं. पान मात्र तिकडे इंटरनेटवर एकटंच राहिलं.

तशात शेजारचे नाना आले. नाना निवृत्त आहेत. मोबाईलवर आलेली कुठलीही गोष्ट ते पुढे पाठवतात, म्हणून आमच्या इमारतीत त्यांना 'फॉरवर्ड नाना' म्हणतात. ते वर्तमानपत्र मागायला आले आणि त्यांची नजर माझ्या उघड्या लॅपटॉपवर गेली.

"अरे! ही आपल्या शाळेची टाकी ना?" नाना चष्मा वर करून वाचायला लागले. "बघ बघ! काय इतिहास आहे आपला! हे कुठे मिळालं तुला?"

इथे मी 'मीच लिहिलंय' म्हणायला हवं होतं. पण नानांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि माणसाच्या डोळ्यांत पाणी असताना मला खरं बोलता येत नाही.

"इंटरनेटवर आहे," मी म्हणालो. हे अगदी खरं होतं.

दुसऱ्या दिवशी मी दाढी करायला न्हाव्याकडे गेलो. गळ्याभोवती कापड बांधता बांधता तो म्हणाला, "सर, शाळेच्या टाकीचं कळलं का? पहिलं मतदान!"

मी कापडातून मान वर काढली. "कुणी सांगितलं?"

"सगळ्या गावाला माहितीये. माझे आजोबाच होते की तिथे! डावीकडे उभे होते. धक्काबुक्कीत त्यांची एक चप्पल टाकीतच राहिली."

चप्पल मी लिहिलेली नव्हती. घरी आलो तर बायको दारातच उभी. पान कुणी लिहिलं हे तिला माहीत नव्हतं, कारण ही भानगड मी आणि लेकीनेच केली होती.

"तुम्ही एवढी वर्षं समाजशास्त्र शिकवताय," ती म्हणाली, "आणि शाळेच्या मागे मतदान झालं हे तुम्हाला नानांकडून कळतं? समोरच्या वहिनी विचारत होत्या, तुमचे हे नक्की शिकवतात तरी काय?"

आपल्याच थापेबद्दल अज्ञानी ठरण्याचा अपमान कसा गिळायचा, हे कुठल्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत.

पान काढून टाकायचं ठरवलं तर पासवर्ड लेकीकडे, आणि लेक कॉलेजच्या सहलीला. तिचा फोन लागेना. लागला तेव्हा तिने एका मिनिटात पान पुसून टाकलं आणि मी सुटकेचा निःश्वास सोडला. तो पुरता सोडून व्हायच्या आत नाना धापा टाकत आले.

"पान गायब! रातोरात पान उडवलंय! कुणीतरी दडपतंय, सांगतो तुला. पण माझ्याकडे फोटो काढून ठेवलेत. मी शंभर जणांना पाठवलेत. आता बघतोच कोण आहे तो!"

"कोण... कोण असेल?" माझी बोबडी वळली.

"कुणी का असेना, त्याला सोडायचा नाही," नाना म्हणाले आणि माझ्याच खांद्यावर विश्वासाने हात ठेवला.

मग शाळेत पत्र आलं. वारसा जतन कार्यालयाकडून. टाकी ऐतिहासिक असण्याची शक्यता असल्याने पुढील आदेशापर्यंत तिला हात लावू नये. म्हणजे खोली नाही. मोठ्या बाईंनी ते पत्र शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवलं तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होतो. बाहेर आठवीची मुलं वाऱ्याने उडालेले कागद सायकलींच्या चाकांतून ओढून काढत होती. मला फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटण्यापेक्षा भीती जास्त वाटली, हेही सांगायला हवं. चौकशी होईल, नोकरी जाईल, वर्तमानपत्रात फोटो येईल आणि तोही लेकीने केलेल्या फोटोसारखा पिवळट.

मी जीव मुठीत धरून त्या कार्यालयात गेलो. म्हटलं, आडून आडून चौकशी करावी. खिडकीमागे एक बाई विणकाम करत बसल्या होत्या.

"समजा," मी म्हणालो, "समजा, एखाद्याला असं वाटलं की एखाद्या जागी काही घडलंच नव्हतं, तर त्याने काय करायचं?"

"पुरावा आणायचा."

"कशाचा?"

"न घडल्याचा."

"न घडल्याचा पुरावा कसा असेल?"

"ते आम्ही कसं सांगणार? घडलेल्याचे अर्ज इथे घेतात. न घडलेल्याचे पलीकडच्या खिडकीत. तिथले साहेब बदलून गेलेत." मग त्यांनी सुया खाली ठेवल्या आणि माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्हाला माहीत आहे का, ते पान कुणी लिहिलं? साहेब शोधतायत त्याला."

मी तिथून जो निघालो तो छत्री विसरलो. ती आणायला परत जाण्याची हिंमत मला आजवर झालेली नाही.

दोनच दिवसांनी मोठ्या बाईंनी मला बोलावलं. वारसा कार्यालयाचे साहेब टाकी बघायला येणार होते. "तुमचा डिजिटल पाठ राहिलाय ना, सर? मग त्यांच्यासमोरच घ्या. टाकीवरच. वायर मी माझ्या पर्समध्ये ठेवलीय."

माझी पाचावर धारण बसली. घरी येऊन लेकीला फोन लावला तर ती हसत सुटली. हसून झाल्यावर म्हणाली, "बाबा, तुम्ही जो पाठ घेणार होतात तोच घ्या की. मुलं चुका शोधतील. पान खोटं ठरेल, टाकी पडेल, खोली होईल. पानाची प्रत आहे माझ्याकडे, पाठवते."

"आणि लिहिणारा?"

"त्याचं नाव कुठे आहे पानावर? पहिली चूक तीच तर आहे!"

हे मला सुचलं नव्हतं. आपल्या पोटी एवढं धूर्त लेकरू जन्माला आलं याचा अभिमान बाळगावा की काळजी करावी, हे ठरवत मी झोपलो. झोपलो म्हणजे पडून राहिलो.

साहेब आले. किडकिडीत, घामाघूम, हातात जाडजूड फाईल. बरोबर 'जाणकार नागरिक' म्हणून नाना. पडदा सायकलींच्या दांडीला बांधला होता, आणि त्यावर ऊन यायला लागलं तेव्हा नानांनी उभं राहून छत्री धरली. मी लॅपटॉप उघडला. गोल गरगरला. मी मनातल्या मनात विनवलं की गुडघेदुखीचं तेलच येऊ दे, पण त्या दिवशी नेमकं पान आलं.

"मुलांनो," मी म्हणालो, आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, "एखादी गोष्ट वाचली की आपण काय विचारतो?"

"कुणी लिहिली? कधी लिहिली? कशावरून लिहिली? आणखी कुठे मिळते?" मुलांनी एका सुरात म्हटलं. हे मी त्यांच्याकडून वर्षभर घोकून घेतलं होतं.

"मग शोधा."

आणि मुलं तुटून पडली. लेखकाचं नाव नाही, कुणी म्हणालं. तज्ज्ञ कोण, दुसऱ्याने विचारलं. दोन मुलं पळत जाऊन टाकीवरचं साल बघून आली. एकाने खडूने टाकीची लांबी-रुंदी मांडून दाखवली की एवढ्या मतदारांना आत उभं करायचं तर प्रत्येकाच्या डोक्यावर बरीच माणसं उभी करावी लागतील. मागे बसलेल्या मोठ्या बाई ताठ झाल्या. साहेबांनी फाईल हळूच मिटली. नानांच्या हातातली छत्री खाली खाली यायला लागली. चारही चुका निघाल्या! माझी छाती अशी भरून आली की मी चक्क पाठीमागे हात बांधले.

"शाबास! म्हणजे हे पान..."

"सर, पाचवी आहे," मागून आवाज आला.

आमच्या वर्गात एक मुलगी आहे, तिला सगळे 'शंका' म्हणतात. तिचा हात कायम वर असतो. मी चारच पेरल्या होत्या. पाचवी कुठून आली?

शंका पुढे आली आणि तिने पडद्यावरचा फोटो मोठा केला. त्या पिवळट, डागाळलेल्या, नव्वद वर्षांपूर्वीच्या टाकीच्या आडून एक हँडल डोकावत होतं. हँडलला आरसा होता. आरसा निळ्या चिकटपट्टीने बांधलेला होता.

व्हरांड्याच्या कठड्याला टेकून, सगळ्यांच्या डाव्या हाताला, माझी स्कूटर उभी होती. निळी चिकटपट्टी उन्हात चमकत होती. तीस मुलांनी तिच्याकडे बघितलं, आणि मग तीस मुलांनी एकदम बघणं बंद केलं. कुणी नखं बघत होतं, कुणी छत बघत होतं. व्हरांड्याला बघण्यासारखं छतही नाही.

"कुणाची आहे ही गाडी?" साहेबांनी विचारलं. "कळतंय का कुणाला?"

"कळतंय, साहेब," शंका म्हणाली. "पण आमच्या सरांनी शिकवलंय, एकाच पुराव्यावर कुणाचं नाव घ्यायचं नाही. दुसरा पुरावा मिळेपर्यंत आम्ही काही बोलणार नाही."

"बरोबर!" सगळा वर्ग म्हणाला, आणि एवढ्या मोठ्याने की दोन सायकली पडल्या.

मी आयुष्यभर माणसांना घाबरलो. मुख्याध्यापकांना, खिडकीतल्या बाईंना, शेजाऱ्यांना, प्रोजेक्टरला. पण त्या क्षणी मला जी भीती वाटली ती निराळी होती. ही पोरं मला वाचवायला निघाली होती, आणि तेही मीच शिकवलेल्या नियमाने. मी गप्प बसलो असतो तर सुटलोही असतो. पण मग उद्या याच व्हरांड्यात उभं राहून त्यांना शिकवणार काय?

मी टेबल धरलं.

"दुसरा पुरावा मी आहे," मी म्हणालो. "पान मी लिहिलं."

नानांच्या हातातून छत्री पडली. मोठ्या बाईंच्या हातातलं पेनही पडलं. साहेब मात्र ताडकन उठले, माझा दंड धरला आणि मला टाकीमागे घेऊन गेले. मी मनात निरोपाचं भाषण जुळवत होतो.

"सर," साहेब कुजबुजले, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते माझ्याहून जास्त घाबरलेत. "हे आता कुणाकुणाला कळलंय?"

"आठवीच्या वर्गाला."

"म्हणजे सगळ्यांना," साहेब टाकीला टेकले. "अहो, मी त्या पानावरून अहवाल लिहिलाय. सही केलीय. 'तज्ज्ञांच्या मते' असं लिहिलंय!"

आम्ही दोघं भित्रे त्या टाकीच्या सावलीत बराच वेळ खलबत करत होतो. शेवटी ठरलं ते असं: 'नव्या संशोधनात' टाकी सामान्य असल्याचं निष्पन्न झालं, आणि संशोधन इयत्ता आठवीने केलं. हे शब्दशः खरं होतं. मोठ्या बाईंनी मला खोलीत बोलावून जे सुनावलं ते इथे लिहीत नाही, पण पाठाच्या शेऱ्यात त्यांनी 'परिणामकारक' असं लिहिलं. बायको दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "निदान टाकीचं तुम्हाला माहीत होतं म्हणायचं."

टाकी पडली, खोली उभी राहिली. एकच पंचाईत होती, ऐतिहासिक टाकी म्हणून साहेबांनी मागवलेली दगडी पाटी आधीच मंजूर झालेली, ती परत घेण्याची सोय कार्यालयात नाही. मग मजकूर मुलांनीच दिला. नव्या खोलीच्या दाराशी ती पाटी आहे: 'या जागी पाण्याची टाकी होती. इथे दुसरं काही घडल्याचा पुरावा मिळालेला नाही. आम्ही शोधला आहे. इयत्ता आठवी.' नाना रोज फिरायला जाताना तिच्यासमोर थांबतात आणि 'दडपलं शेवटी' म्हणून पुढे जातात.

एवढं झाल्यावर मी ठरवलं, निदान ज्याच्या त्याच्या तोंडावर खरं सांगून टाकायचं. सुरुवात न्हाव्यापासून केली. गळ्याभोवती कापड बांधून झालं, फेस लावून झाला, आणि मी म्हणालो, "हे बघ, टाकीतलं मतदान खोटं होतं. मीच लिहिलं होतं ते."

न्हावी थांबला. "सर, तुम्ही होतात का तेव्हा?"

"मी कसा असेन? नव्वद वर्षांपूर्वी..."

"माझे आजोबा होते. डावीकडे." त्याने माझी हनुवटी वर केली. वस्तरा बरोबर गळ्याच्या घाटीवर आला. "चप्पल राहिली त्यांची आत. आता बोला, खोटं होतं?"

मी आरशात माझा पांढरा चेहरा बघितला. निम्मा फेसाने पांढरा होता.

"खरं होतं," मी म्हणालो.

मागे बाकावर, धाकट्या भावाला केस कापायला घेऊन आलेल्या शंकाने हात वर केला.